मधुमेह आणि कानदुखी

नागभीडच्या बाजारपेठेत दुकानाच्या गादीवर बसणाऱ्या एखाद्या वडीलधाऱ्यांचा कान दुखू लागला, की मळ साचला असे समजून घरी कोमट तेल घातले जाते. मधुमेह असल्यास हा समज घातक ठरू शकतो.

अशा रुग्णांत स्यूडोमोनास हा जिवाणू कानाच्या नळीतून कवटीच्या तळाच्या हाडात शिरतो आणि हाड मृत होऊ लागते. अमेरिकी डॉक्टर चँडलर यांनी १९६८ मध्ये या विकारास ‘मॅलिग्नंट’ म्हटले. हा कर्करोग नव्हे. परंतु त्या काळी रुग्ण मोठ्या प्रमाणात दगावत. झोपमोड करणारी वेदना व न थांबणारा स्राव ही त्याची लक्षणे. रोग पसरल्यास चेहऱ्याची एक बाजू लुळी पडते.

निदानासाठी स्रावाची जिवाणू-तपासणी आणि सीटी स्कॅन वा एमआरआय करतात. कर्करोगाची शंका फिटावी म्हणून कानातील मांसाचा लहान तुकडाही तपासतात. उपचार म्हणजे योग्य प्रतिजैविके, बहुधा सहा ते आठ आठवडे, आणि रक्तशर्करेवर काटेकोर नियंत्रण.

वेदना आधी शमते, हाड मागाहून सुधारते. बरे वाटले म्हणून मध्येच औषध सोडणे म्हणजे व्याज भरून मुद्दल विसरणे होय. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथून शंभरेक किलोमीटरवर आहे. त्यासाठी एक दिवस दुकान बंद राहिले, तरी तो तोटा नव्हे.