शरणपूरची चांदणी
दिवाळीचा आकाशकंदील अद्याप माळ्यावर चढलेला नसताना नातवंडांनी चांदणीसाठी कागद, खळ आणि बांबूच्या कामट्या यांची दरखास्त गुदरली, की आमच्या नाशकात नाताळ लागला असे मी समजतो. आणि ती मंजूर करून, डिसेंबरच्या बोचऱ्या थंडीस्तव कानटोप्यांचा चोख बंदोबस्त करून, त्यांना शरणपूर या जुन्या ख्रिस्ती वस्तीची रोषणाई दाखवावयास नेताना, गुलामगिरीतून सोडविलेली आफ्रिकी मुले तिथल्या ज्या मिशनशाळेत शिकली आणि ज्यांच्यातला जेकब वेनराइट १८७४ साली आफ्रिकेचा प्रवासी-संशोधक लिव्हिंग्स्टन याच्या शवपेटीसमवेत थेट लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीपर्यंत गेला, त्या शाळेची हकीकत मी मोठ्या तपशिलाने (किंचित पाल्हाळानेही) निवेदन करतो. धाकटीची पृच्छा मात्र एवढीच, की त्या मुलांना नाताळात करंज्या मिळत होत्या का?