यंत्राला कान असावेत, अधिकार नसावा

महाराष्ट्रातील शाळांत २००० सालापासून पहिल्या इयत्तेतच इंग्रजीचा प्रारंभ होऊ लागला, त्याला पाव शतक उलटले. तथापि सुरगाणा, पेठ वा त्र्यंबकेश्वर तालुक्यातील आश्रमशाळेतून उत्तीर्ण होऊन नाशिकच्या महाविद्यालयात दाखल होणारा विद्यार्थी, उताऱ्याखालील प्रश्नांची उत्तरे बिनचूक लिहीत असूनही, मुलाखतीत दोन इंग्रजी वाक्ये बोलताना अडखळतो, याचे कारण त्याच्या बुद्धीत नसून शाळेच्या वेळापत्रकात आहे. पस्तीस मिनिटांच्या तासाला चाळीस मुले असतील, तर शिक्षकाने स्वतः मौन पाळले तरी प्रत्येकाच्या वाट्याला पुरते एक मिनिट येत नाही. आणि बोलल्यावाचून बोलणे येत नाही.

ही उणीव काही अंशी भरून काढण्याचे सामर्थ्य वाणी ओळखणाऱ्या संगणकीय यंत्रणेत आहे. गूगलने २०१९ मध्ये ‘बोलो’ या नावाने भारतात आणलेले व पुढे ‘रीड अलाँग’ झालेले अ‍ॅप मुलाचे वाचन ऐकून अडलेला शब्द उच्चारून दाखविते; मुंबईच्या आयआयटीत प्रा. प्रीती राव यांच्या मार्गदर्शनाखाली सिद्ध झालेली ‘तारा’ ही प्रणाली केंद्रीय विद्यालयांतील मुलांच्या इंग्रजी व हिंदी वाचनाची गती आणि अचूकता मोजते. अशा यंत्राला उतारा आधीच ठाऊक असतो. मुलाच्या आवाजाचे सूक्ष्म तुकडे पाडून ते अपेक्षित ध्वनींशी कितपत जुळतात, एवढेच ते ताडून पाहते. तेथे चुकल्यावर हसणारे कोणी नसते, आणि एकच शब्द वीस वेळा म्हटला तरी ऐकणारा त्रासत नाही. लाजऱ्या मुलाला ही सवलत लहान नव्हे.

परंतु यंत्राचा कान ज्या आवाजांवर घडला, त्यांचाच पक्षपात तो करतो. २०२० मध्ये अमेरिकेत पाच बड्या कंपन्यांच्या यंत्रणा तपासल्या असता, गोऱ्या वक्त्यांचे बोलणे टिपताना यंत्रांच्या शंभर शब्दांमागे सुमारे १९, तर कृष्णवर्णीयांचे टिपताना सुमारे ३५ चुका आढळल्या. आणि त्या सर्वांची मातृभाषा इंग्रजीच होती. मग घरी कोकणा वा अहिराणी बोलणाऱ्या, ‘थिंक’चा आद्य ध्वनी दंत्य ‘थ’ने उच्चारणाऱ्या आणि शब्दांवरील आघात मराठी वळणाने देणाऱ्या मुलाला तेच यंत्र नापास ठरवील, तर दोष कोणाचा? ऐकणाऱ्याला अर्थ निःसंदिग्ध कळला, की उच्चाराचे कार्य साधले. परक्या हेलाची हुबेहूब नक्कल हे शिक्षणाचे साध्य नव्हे.

राज्याच्या आदिवासी विकास आयुक्तालयाचे दफ्तर नाशकातच असल्याने या कामी पुढाकार घेण्याची जबाबदारी ओघानेच त्याच्याकडे येते. निवडक आश्रमशाळांत असे साधन सरावापुरते द्यावे. इंटरनेटवाचून ते चालेल अशी तजवीज करावी. त्याचे गुण प्रगतिपुस्तकात किंवा शिक्षकाच्या गोपनीय अहवालात शिरणार नाहीत असा लेखी हुकूम काढावा. आणि स्थानिक मुलांच्या आवाजांवर, शिक्षकांच्या कानाशी ताडून, त्याची परीक्षा झाल्याखेरीज मोठ्या खरेदीस मंजुरी देऊ नये. आवाज ही मुलाची खाजगी मिळकत आहे, आणि अज्ञान मुलांच्या माहितीच्या वापरासाठी पालकांची संमती वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाविषयीच्या २०२३च्या कायद्याने आवश्यक मानली आहे. ती केवळ अंगठा घेऊन नव्हे, तर पालकांना त्यांच्या भाषेत समजावून घेतली पाहिजे. एवढे पथ्य पाळण्याची सरकारची तयारी असेल, तर हे यंत्र आश्रमशाळेत अवश्य यावे. नसेल, तर त्याच पैशांत इंग्रजीच्या शिक्षकांची रिक्त पदे आधी भरावीत.