विश्लेषण : स्पोर्ट्स सेडान घेताना केबिन पाहावी की इंजिन?

साताऱ्याहून सांगली सुमारे सव्वाशे किलोमीटर. कराडमार्गे पेठ नाक्यापर्यंत पुणे-बंगळूरु महामार्ग, तिथून आत वळून ईश्वरपूर (पूर्वीचे इस्लामपूर), आष्टा आणि सांगली. या पट्ट्याच्या आजूबाजूला खंबाटकी, पसरणी, यवतेश्वर आणि कुंभार्ली हे घाट. सगळीकडे एसयूव्हीची चलती असतानाही वेगवान सेडानची हौस असणारा ग्राहक इथे टिकून आहे. मात्र पंधरा ते वीस लाखांच्या आसपास खर्च करताना त्याच्यापुढे एक पेच असतोच. तेवढ्याच पैशात जोरदार इंजिन घ्यायचे की सजलेली, सोयींनी भरलेली केबिन?

स्पोर्ट्स सेडान म्हणजे नेमके काय?

चार दारे, मागे स्वतंत्र डिकी, कुटुंबाला पुरेशी जागा आणि तरीही चालवणाऱ्याला मजा येईल असे इंजिन, स्टिअरिंग व सस्पेन्शन, अशी या प्रकाराची ढोबळ व्याख्या आहे. बीएमडब्ल्यूची १९७५मध्ये आलेली ‘३ सीरिज’ हे त्याचे जगभर ओळखले जाणारे उदाहरण. तिची ‘एम३४०आय’ ही आवृत्ती चेन्नईत जुळवली जाते आणि कंपनीच्या दाव्यानुसार ४.४ सेकंदांत ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठते. पण तिची किंमत बहुतेकांच्या आवाक्याबाहेरची. त्यामुळे सातारा-सांगलीत प्रत्यक्ष तुलना होते ती फोक्सवॅगन व्हर्टस जीटी, स्कोडा स्लाव्हिया, ह्युंदाई व्हर्ना टर्बो आणि होंडा सिटी यांची. यातील व्हर्टस आणि स्लाव्हिया पुण्याजवळ चाकणला तयार होतात.

कागदावर या मोटारींत फरक किती?

व्हर्टस आणि स्लाव्हियाचे १.५ लिटर टर्बो इंजिन १५० पीएस शक्ती आणि २५० न्यूटन मीटर टॉर्क देते. त्यांच्याच १.० लिटर टर्बोचे आकडे ११५ पीएस आणि १७८ न्यूटन मीटर. व्हर्नाचे टर्बो इंजिन १६० पीएस आणि २५३ न्यूटन मीटरचे. होंडा सिटीच्या साध्या १.५ लिटर इंजिनाची शक्ती १२१ पीएस, पण टॉर्क १४५ न्यूटन मीटर.

केबिनमध्ये चित्र पालटते. २०२३मध्ये नव्या रूपात आलेल्या व्हर्नाने मोठा पडदा, गार हवा सोडणाऱ्या पुढच्या सीट आणि चालकाला मदत करणारी ‘अडास’ यंत्रणा अशी रेलचेल केली. व्हर्टस आणि स्लाव्हियाच्या केबिनमधील कडक प्लास्टिकवर मात्र अनेक समीक्षकांनी बोट ठेवले.

इथल्या रस्त्यांवर किती वेग वापरता येतो?

केंद्राच्या २०१८च्या अधिसूचनेनुसार दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारीची कमाल मर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे, इतर रस्त्यांवर ७०. घाटात ती त्याहून कमी असते. सातारा-कागल टप्प्यात सहापदरीकरणाच्या कामांमुळे ठिकठिकाणी वळणरस्ते आले. पेठ-सांगली रस्त्याची दुरवस्था तर कित्येक वर्षे बातमीचा विषय होती. साखर कारखान्यांच्या हंगामात उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्री रस्त्यावर असतात आणि त्यातल्या अनेकांना मागे दिवा किंवा परावर्तक नसतो.

म्हणजे मोटारीचा सर्वोच्च वेग किती, हा प्रश्न इथे जवळपास गैरलागू ठरतो. त्याचा अर्थ इंजिनाची ताकद निरुपयोगी असा मात्र नाही.

मग घाटात कोणती ताकद कामी येते?

चढावर पुढचा ट्रक ओलांडताना उपयोगी पडतो तो कमी फेऱ्यांवर मिळणारा टॉर्क. व्हर्टस जीटीचा पूर्ण टॉर्क मिनिटाला १६०० फेऱ्यांपासून मिळू लागतो. होंडा सिटीच्या इंजिनाला त्यासाठी ४३०० फेऱ्यांपर्यंत चढावे लागते. टर्बो मोटार गिअर फारसा न बदलता पुढे सरकते, साध्या इंजिनाला खालचा गिअर आणि आवाज दोन्ही लागतात. चार माणसे, सामान आणि एसी चालू असताना हा फरक अधिक जाणवतो.

दुसरे कारण उंचीचे. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३७० मीटरवर आहे. तिथे हवेची घनता समुद्रकाठापेक्षा जवळपास १२ टक्क्यांनी कमी असते. साध्या इंजिनाची शक्ती साधारण त्याच प्रमाणात घटते. टर्बो हवा दाबून आत ढकलतो, त्यामुळे ही घट बरीचशी भरून निघते.

एक सावधगिरी मात्र हवी. या मोटारींच्या दोन क्लचच्या स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये, म्हणजे डीएसजी किंवा डीसीटीमध्ये, कोरडे क्लच असतात. सुट्टीच्या दिवशी पसरणी घाटात रांगेत इंच इंच सरकताना ते तापतात. अशा वाहतुकीत टॉर्क कन्व्हर्टर प्रकारचा गिअरबॉक्स अधिक सहनशील ठरतो. शनिवार-रविवारीच पाचगणी गाठणाऱ्याने ही बाब लक्षात घेतलेली बरी.

ब्रेक आणि बांधणीकडे दुर्लक्ष का होते?

कारण शोरूममध्ये ती दिसत नाही. मोटारीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गानुसार वाढते. ताशी ७० ऐवजी १०० वेग असेल तर ब्रेकना दुप्पट ऊर्जा जिरवावी लागते. अंधारात अचानक उसाची ट्रॉली समोर आली, तर वेग गाठायला लागणारे सेकंद नव्हे, थांबायला लागणारे मीटर मोजले जातात. गंमत अशी, की चालवण्याच्या आनंदासाठी नावाजलेल्या व्हर्टस आणि स्लाव्हिया बाजारात आल्या तेव्हा त्यांच्या मागच्या चाकांना ड्रम ब्रेक होते, तर आरामदायी समजल्या जाणाऱ्या व्हर्नाच्या टर्बो आवृत्तीत मागेही डिस्क ब्रेक होते.

बांधणीत उलट चित्र दिसले. ग्लोबल एनकॅपच्या २०२३मधील चाचण्यांत तिन्ही मोटारींना पाच तारे मिळाले. मात्र व्हर्टस आणि स्लाव्हियाचा सांगाडा स्थिर, तर व्हर्नाचा अस्थिर ठरला. म्हणून केवळ तारे न मोजता अहवालातला हा एक शब्दही वाचावा.

केबिनचा दर्जा म्हणजे निव्वळ दिखावा का?

मुळीच नाही. सांगलीत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. अशा वेळी मागच्या सीटपर्यंत थंडावा पोहोचवणारा एसी ही चैन राहत नाही. मांडीला पुरेसा आधार देणारी सीट, उंची आणि अंतर जुळवता येणारे स्टिअरिंग, टायर व वाऱ्याचा आवाज अडवणारे दरवाजे यांमुळे चालक कमी थकतो. थकलेला चालक उशिरा ब्रेक मारतो. म्हणजे चांगली केबिन हीदेखील सुरक्षिततेचीच बाब आहे.

पण केबिनमध्येही दोन प्रकार असतात. मऊ प्लास्टिक, रंगीत दिवे, मोठा पडदा, सनरूफ यांची पहिल्या महिन्यात अपूर्वाई वाटते. अडासमधली मार्गिका सांभाळणारी सोय तर रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर अवलंबून असते आणि काम सुरू असलेल्या टप्प्यात पट्टेच नसतात. सीटचा आकार, मागच्या प्रवाशाच्या गुडघ्यांपुढची जागा आणि आवाजाचा बंदोबस्त मात्र शेवटपर्यंत सोबत राहतात.

दोन-तीन लाखांचा फरक प्रत्यक्षात किती पडतो?

महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या वैयक्तिक पेट्रोल मोटारीवर १२ टक्के रस्ता कर लागतो. समजा, वरची आवृत्ती ३ लाखांनी महाग आहे. त्यावर ३६ हजारांचा जादा कर येतो. हे ३ लाख ९ टक्के व्याजाने पाच वर्षांच्या कर्जातून उभे केले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ६,२०० रुपयांनी वाढतो आणि एकूण परतफेड पावणेचार लाखांच्या जवळ जाते. विम्याचा हप्ता वाढतो तो वेगळाच.

२२ सप्टेंबर २०२५पासून जीएसटीचे दर बदलले, तेव्हा १८ टक्क्यांचा लाभ चार मीटरपर्यंतच्या छोट्या मोटारींना मिळाला. या सेडान साडेचार मीटरच्या आहेत. त्यांच्यावर ४० टक्के कर लागतो, इंजिन १.० लिटरचे असले तरीही. आधी उपकरासह तो ४५ टक्के होता.

चाचणी फेरी कशी घ्यावी?

शोरूमभोवतीच्या दहा मिनिटांच्या चकरीत यातले काहीच कळत नाही. सातारकराने यवतेश्वरचा चढ मागून घ्यावा, सांगलीकराने आष्ट्याकडचा रस्ता. घरातली माणसे सोबत न्यावीत आणि त्यातल्या ज्येष्ठांना मागे बसवावे. सेडानमध्ये वाकून बसावे आणि उठावे लागते, गुडघे दुखणाऱ्याला ते तिथेच समजते. गावातल्या उंच गतिरोधकावरून भरलेली मोटार नेऊन तळ घासतो का ते पाहावे. कंपनी सांगते ती जमिनीपासूनची उंची अनेकदा रिकाम्या मोटारीची असते. शक्य असल्यास अंधार पडल्यावर पुढच्या दिव्यांचा झोतही तपासावा. जवळचे सर्व्हिस सेंटर आपल्याच शहरात आहे की कोल्हापूर-पुण्याला जावे लागेल, हेही त्याच दिवशी विचारावे.

मग निवड कशी करावी?

केबिन की इंजिन, हा प्रश्न मुळातच अपुरा आहे. दोन्हींत रोज वापरला जाणारा एक भाग असतो आणि केवळ मिरवायचा एक. मधल्या फेऱ्यांवरचा टॉर्क, ब्रेक, सस्पेन्शन, सांगाडा, सीट आणि एसी हे पहिल्या भागात मोडतात. सर्वोच्च वेग, मोठी चाके, रंगीत दिवे आणि पडद्याचे इंच दुसऱ्यात.

दुसरी कसोटी अशी, की नंतर काय बदलता येणार नाही? स्पीकर, सीटची कव्हरे, मोबाइल चार्जर बाहेरून बसवता येतात. इंजिन, गिअरबॉक्स, सांगाडा आणि सीटची मूळ ठेवण बदलता येत नाही. त्यामुळे महिन्यातून अनेकदा घाट चढणाऱ्याने १.५ टर्बो इंजिन असलेली कमी सजावटीची आवृत्ती घेण्यात शहाणपण आहे. सांगली-मिरजेच्या सपाट रस्त्यांवरच बहुतेक फिरणाऱ्याला १.० टर्बोही पुरेल. उरलेले पैसे त्याने चांगल्या सीट आणि एसी असलेल्या आवृत्तीवर घालावेत किंवा कर्जच कमी घ्यावे. हप्ता पाच वर्षे भरायचा आहे, तेव्हा तो रोज उपयोगी पडणाऱ्या गोष्टीसाठी भरलेला बरा.