वस्तू आपली, मग रंग का परका?

पोळ्याच्या दिवशी शेतकरी बैलाची शिंगे रंगवतो. त्या रंगाने बैलाचे बळ वाढत नाही की नांगरट लवकर उरकत नाही. तरीही बाजारातून आणलेला बैल पहिल्या पोळ्याला खऱ्या अर्थाने घरचा होतो. मग हातातले एखादे यंत्र कोणी रंगवले, तर त्याला आपण पोरकट का म्हणतो?

निन्टेन्डो या जपानी कंपनीचा ‘गेम बॉय’ हा हातात धरून खेळायचा खेळ १९८९ च्या एप्रिलमध्ये बाजारात आला. तो करड्या रंगाचा होता. पुढे १९९५ मध्ये कंपनीने स्वतःच लाल, पिवळे, हिरवे गेम बॉय काढले. १९९८ मध्ये आलेल्या नोकिया ५११० या फोनचे पुढचे आवरण तर हवे तेव्हा बदलता येई. पण ही सारी निवड दुकानदाराने मांडलेल्या मालातलीच! आपला असा रंग त्यात कुठे होता?

तो मिळवण्यासाठी हौशी मंडळी आजही जुने गेम बॉय रंगवतात, आणि हे काम दिसते तितके सोपे नाही. गेम बॉयच्या स्क्रूंना तीन खाचांचा माथा असतो. त्यासाठी वेगळा पेचकस लागतो. आतले भाग काढून प्लॅस्टिकचे कवच साबणाने धुवायचे, बारीक पॉलिश पेपरने घासायचे, अस्तराचा हात द्यायचा आणि मग रंगाचे पातळ थर फवारायचे. घाईने एकच जाड थर दिला, तर ओघळ आलेच. बटनांच्या छिद्रांत रंग साचला, तर बटने अडकतात. जुना रंग काढायला ॲसिटोन वापरले, तर कवचच विरघळू लागते. थोडक्यात, ज्याला रंगवायचे आहे त्याला आधी वस्तू समजून घ्यावी लागते. या हौसेची खरी कमाई हीच, असे मला वाटते.

यावर कोणी म्हणेल, रंगवलेल्या वस्तूला पुढे किंमत येत नाही. खरे आहे. दुर्मीळ आणि सुस्थितीतली वस्तू अवश्य जपावी. परंतु ओरखडे पडलेल्या, पिवळ्या पडलेल्या वस्तूचे काय? आणि मुळात, घेतल्या दिवसापासून विकण्याच्या दिवसाचीच चिंता करायची, तर आपण त्या वस्तूचे मालक कसले? आपण पुढच्या गिऱ्हाइकाने नेमलेले बिनपगारी राखणदार!

आजच्या स्मार्टफोनचे कवच गोंदाने चिकटवलेले असते आणि आत लिथियमची बॅटरी असते. तो नवशिक्याने उघडू नये हे बरे. पण फोनवर चढवायचे साधे कव्हर काढून रंगवायला काय हरकत आहे? वर्गातल्या बाकावर दहा फोन ठेवले, तर आपला कोणता हे ओळखण्यासाठी तो उघडून पाहावा लागतो. आवडीनिवडींबद्दल तावातावाने वाद घालणाऱ्या आपल्या पिढीला हे शोभते काय?

मित्रहो, घरात पडलेले एखादे जुने, स्वस्त यंत्र घ्या. रंग थोडा ओघळेल, कड वाकडी होईल, होऊ द्या. निदान त्या वस्तूवर आपल्या हाताची खूण तरी राहील.