पहिल्या दहा मिनिटांतच कळतं

मी सिनेमाचा जाणकार नाही. अमरावतीत मित्रांसोबत थिएटरला, नाहीतर अकोल्यात मामूंकडे टीव्हीवर, एवढंच माझं पाहणं. कसोटीही साधी: पुढे काय होणार हे पहिल्या दहा मिनिटांत कळलं, की जांभई येते.

आपल्या बाबतीत ते फारच लवकर कळतं. डोळ्यांत सुरमा, गळ्यात ताईत. म्हणजे हा एकतर बॉम्ब ठेवणार, नाहीतर हिरोसाठी जीव देणार. दोघेही तितकेच कंटाळवाणे. फरक एवढाच, की पहिला पडद्यावर असेल त्या दिवशी इंटरव्हलला मित्राला नावानं हाक मारताना माझी जीभ अडखळते.

उलट 'इक्बाल' (2005) मी कितीदाही पाहीन. पोराला ऐकू येत नाही, बोलता येत नाही आणि त्याला फास्ट बॉलर व्हायचंय. अब्बांना वाटतं, त्यानं शेती पाहावी. आपल्या कापसाच्या मुलखात असं घर कोणाला अनोळखी आहे?

संथ म्हणजे कंटाळवाणा, असंही नाही. 'गर्म हवा' (1973) संथच आहे. फाळणीनंतर आग्र्याच्या सलीम मिर्झांचा जोड्यांचा धंदा बसतो, हवेली जाते. ते राहतील की पाकिस्तानात जातील? शेवटपर्यंत मी मोबाईलला हात लावला नाही.

मालेगावच्या नासिर शेखांनी गावातल्याच माणसांना घेऊन आपला 'शोले' काढला. आज कॅमेरा आपल्या खिशात आहे. फक्त 'चांगल्या मुसलमाना'चा सिनेमा काढू नका. उशिरा उठणाऱ्या, उधारी बुडवणाऱ्या, क्रिकेटवरून भांडणाऱ्याचा काढा. मी तिकीट काढून येईन.