जाळं दुरुस्त करतो, मग गाडीची लाईट का नाही?



दरवर्षी 16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद असते. या दोन महिन्यांत आपण काय करतो? फाटलेलं जाळं शिवतो, नावेच्या फटी बुजवतो, दोर बदलतो, क्रेट धुऊन वाळवतो. हे कोणी सांगावं लागत नाही, बापजाद्यांपासून चालत आलं आहे. पण ज्या व्हॅनमधून आपली मासोळी बाजारात जाते, ती दोन महिने अंगणात उभी राहते आणि 16 ऑगस्टला तशीच पुन्हा रस्त्यावर निघते. फार तर हवा भरतो, ऑइल पाहतो. लाईटकडे कोणी बघत नाही.

आमचं म्हणणं सरळ आहे. जुन्या व्हॅनच्या हेडलाइटची वायरिंग ही जाळ्याइतकीच आपल्या धंद्याची वस्तू आहे. ती बंदीच्या काळातच नीट करून घ्यावी, आणि तिचा खर्च एकट्या गाडीवाल्यावर न टाकता संस्थेने उचलावा.

आधी गाडी कोणती ते बघू. पांढुर्णा-सौंसर भागात मासोळीच्या गाड्यांमध्ये ओम्नी अजून बऱ्याच आहेत. ही व्हॅन 1984 मध्ये आली आणि 2019 मध्ये बनणं बंद झाली. म्हणजे नवीन ओम्नी आता कोणालाच मिळणार नाही, आहे तीच सांभाळायची आहे. गाडी वाईट नाही. छोटी आहे, गल्लीत वळते, तलावाच्या पाळीपर्यंत जाते. पण इतक्या वर्षांत तिची तार कडक झालेली असते, जोड सैल झालेले असतात, आणि आतापर्यंत चार मिस्त्रींनी चार ठिकाणी टेप गुंडाळलेली असते.

त्यात आपला माल ओला. बर्फाचं पाणी पेटीतून गळतं आणि पत्र्यावर साचतं. पत्रा गंजला की अर्थिंगचा बोल्टही गंजतो. अर्थिंग गेली की लाईट मंद होते आणि आपण बल्ब बदलत बसतो.

आता स्विचची गोष्ट. जुन्या अनेक गाड्यांमध्ये हेडलाइटचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधूनच जातो. साधा 60/55 वॅटचा बल्ब धरा. अप्परला दोन बल्बचे 120 वॅट झाले. 12 व्होल्टवर हा 10 अँपियर करंट झाला. तो बॅटरीकडून डॅशबोर्डपर्यंत, तिथून स्विचच्या बारीक पत्तीतून आणि पुन्हा पुढे बल्बपर्यंत येतो. लांब बारीक तार, जुना स्विच, गंजलेला जोड, प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं व्होल्टेज खाल्लं जातं. पत्ती तापते, काळी पडते, प्लास्टिक वितळतं. मग एके दिवशी स्विच फिरवला तरी लाईट लागत नाही. नाहीतर लागते आणि मधेच जाते.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. हॅलोजन बल्बला 10 टक्के व्होल्टेज कमी मिळालं तर उजेड 10 टक्के कमी होत नाही, सुमारे 30 टक्के कमी होतो. म्हणून बल्ब नवा असूनही रस्ता पिवळा पिवळा दिसतो. दोष बहुतेक वेळा बल्बचा नसतो, वाटेतल्या तारेचा असतो.

यावर आपल्याकडे तीन उपाय चालतात. तिन्ही आम्हाला पटत नाहीत.

पहिला उपाय : "डायरेक्ट मारून दे." म्हणजे बॅटरीवरून तार आणायची, डॅशबोर्डला भोक पाडून घरातल्या बोर्डासारखं बटण लावायचं, फ्यूज नाही. लाईट लागते, मिस्त्री मोकळा. पण ती तार कुठे पत्र्याला घासली तर बॅटरीचा सगळा करंट तिच्यातून धावतो आणि तार लाल होते. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली आहे, पेट्रोलची पाइप तिथेच. गाडी गॅसवर असेल तर आणखी विचार करा. हे जुगाड नाही, बाप्पा, ही पेटलेली काडी आहे.

दुसरा उपाय : "100 वॅटचा बल्ब टाक." करंट वाढला की जुना स्विच आणखी लवकर जळतो, होल्डर वितळतो. तारेनेच उजेड खाल्ला असेल तर मोठा बल्ब लावून काय उपयोग?

तिसरा उपाय : "एलईडी टाक, करंटच कमी लागतो." करंट कमी लागतो हे खरं. पण हॅलोजनसाठी बनवलेल्या काचेत कोणताही स्वस्त एलईडी बसवला की उजेड नीट एका जागी पडत नाही, विखुरतो. समोरच्याचे डोळे दिपतात. समोरचा आंधळा झाला तर धोका आपल्यालाच.

मग बरोबर काय? रिले. धरणाचं गेट सगळ्यांनी पाहिलं आहे. चाक फिरवायला एक माणूस पुरतो, पण पाणी त्याच्या हातातून वाहत नाही, गेटातून वाहतं. रिले तसंच काम करतो. स्विचने फक्त इशारा द्यायचा, त्यात अर्धा अँपियरही जात नाही. मोठा करंट बॅटरीवरून फ्यूजमधून, रिलेमधून थेट बल्बला जातो. स्विच थंड राहतो आणि उजेड पूर्ण मिळतो.

ज्यांची मुलं आयटीआयला आहेत किंवा ज्यांना हात चालवता येतो, त्यांच्यासाठी जोडणी थोडक्यात सांगतो. रिलेवर चार आकडे असतात. 30 वर बॅटरीचा प्लस, फ्यूजमधून. 87 वरून बल्ब. 86 वर जुन्या स्विचची तार. 85 वर अर्थ. डिपरला एक रिले, अप्परला एक. बॅटरीजवळ 20 अँपियरचा मुख्य फ्यूज, बॅटरीपासून रिलेपर्यंत 2.5 स्क्वेअर एमएमची तार. काम सुरू करण्याआधी बॅटरीची मायनस केबल काढून ठेवा. काही जुन्या गाड्यांमध्ये स्विच प्लसच्या बाजूला नसतो, अर्थच्या बाजूला असतो. म्हणून टेस्ट लॅम्प लावून आधी बघा, मगच तार कापा. समजत नसेल तर हात लावू नका, ऑटो इलेक्ट्रिशियनकडेच जा. पण काय करून घ्यायचं आहे ते आपल्याला माहीत असलं पाहिजे.

सगळ्यात महत्त्वाचं, डाव्या आणि उजव्या बल्बला वेगवेगळा 10 अँपियरचा फ्यूज हवा. दोघांना एकच फ्यूज असला आणि एका बाजूला तार घासली, तर दोन्ही दिवे एकदम जातात. वेगळे असले तर एक जातो, दुसऱ्यावर गाडी बाजूला घेता येते. घाटात किंवा पुलावर हाच फरक जिवाचा असतो.

आपल्या गाड्या कधी चालतात ते आठवा. नागपूरच्या बाजारात पहाटे माल उतरवायचा तर पांढुर्ण्याहून रात्री दोन-अडीचला निघावं लागतं. सौंसरची गाडीही रात्रीच निघते, दोन्ही रस्ते सावनेरला मिळतात. छिंदवाड्याकडे जायचं तर सिल्लेवानीचा घाट आहे. रस्त्यात संत्र्याचे ट्रक, मागे दिवा नसलेली बैलगाडी, रानडुकरं. 60 च्या वेगात गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटर पुढे जाते. दिसलं, डोक्यात शिरलं, ब्रेक दाबला, गाडी थांबली, यात 45-50 मीटर सहज जातात. मागे बर्फ आणि मालाचं वजन असलं तर जास्तच. मंद लाईटमध्ये तीस मीटरवरचं दिसत असेल तर हिशोब तुम्हीच करा. मोटार वाहन नियमांत पुढचा माणूस आणि वाहन 155 मीटरवरून स्पष्ट दिसेल असे दिवे असावेत असं लिहिलं आहे. आपल्या किती गाड्या यात पास होतील?

आणि गाडीत एकटा ड्रायव्हर नसतो. आठवडी बाजाराच्या दिवशी मागे टोपल्यांजवळ आपल्या मायबहिणी बसलेल्या असतात. पेटीतला रोहू-कतला खराब झाला तर एका दिवसाचं नुकसान होतं. दुसरं नुकसान भरून येत नाही.

काही सभासद म्हणतील, "गाडी ज्याची, खर्च त्याचा. संस्थेने का द्यावा?" प्रश्न रास्त आहे. पण गाडी एकाची असली तरी त्यात माल दहा घरांचा असतो. रस्त्यात लाईट गेली आणि गाडी उजाडेपर्यंत उभी राहिली, तर बर्फ वितळतो आणि दहाही घरांचा भाव पडतो. दोन रिले, फ्यूज, होल्डर, काही मीटर तार आणि मजुरी, हा खर्च एका बिघडलेल्या खेपेपुढे काहीच नाही. सामान एकदम घेतलं तर आणखी स्वस्त पडेल.

म्हणून येत्या सभेपुढे आम्ही हे ठेवणार आहोत :

1. बंदीच्या काळात सभासदांच्या सर्व गाड्यांची लाईट तपासणी. लाईट चालू ठेवून मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी बल्बच्या प्लसला लावायची. जो आकडा येतो तेवढे व्होल्ट वाटेत हरवतात. अर्धा व्होल्टच्या वर आला तर काम निघालं समजा. अर्थिंगही अशीच मायनसकडून पाहायची.

2. रिले, फ्यूज, तार संस्थेकडून. मजुरी अर्धी संस्थेची, अर्धी गाडीवाल्याची.

3. जोड पिळून टेप मारलेले चालणार नाहीत. लग दाबून, स्लीव्ह घालून. पत्र्यातून तार जाते तिथे रबर. रिलेचं तोंड खाली, म्हणजे पाणी साचणार नाही.

4. प्रत्येक गाडीत जादा फ्यूज, एक रिले, एक बल्ब आणि टॉर्च.

5. लाईट नीट नसलेल्या गाडीत रात्री माल भरायचा नाही. मग ती गाडी कोणाचीही असो.

पाचवा मुद्दा काहींना कडक वाटेल. पण फुटक्या नावेत आपण कोणाला बसू देत नाही. तिथे कोणी रागावत नाही, कारण पाणी डोळ्यांनी दिसतं. अंधारही तितकाच खोल असतो.

तोपर्यंत घरच्या घरी एक करा. रात्री गाडी भिंतीसमोर उभी करा, लाईट लावा आणि वीस मिनिटं राहू द्या. मग स्विचजवळ हात लावून बघा. गरम लागला, जळका वास आला, किंवा रेस दिल्यावर लाईट एकदम वाढली, तर कमेंटमध्ये गाडीचं मॉडेल आणि गावाचं नाव लिहा. नंबर लावून घेऊ.

आपली संस्था, आपली गाडी, आपलीच माणसं.

— सचिव