जुन्या रानात पाऊल टाकावे का?

डार्टमूरच्या ओसाड माळावर, टू ब्रिजेसच्या वाहनतळापासून सहज चालत जाता येईल इतक्या अंतरावर, विस्टमन्स वुड नावाचे एक इवलेसे रान आहे. ग्रॅनाइटच्या धोंड्यांच्या फटींतून उगवलेले ओक समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंचीवरच्या वाऱ्याने खुरटले आहेत, पिळवटले आहेत. खोडांवर शेवाळ, फांद्यांवर नेचे, धोंड्यांवर दगडफूल. सगळे मिळून क्षेत्रफळ जेमतेम साडेतीन हेक्टर. जमीन डची ऑफ कॉर्नवॉलची, म्हणजे इंग्लंडच्या युवराजांच्या जहागिरीतली. या रानाचे फोटो गेल्या काही वर्षांत इतके फिरले, की ते काढायला येणाऱ्यांच्या बुटांनी धोंड्यांवरचे शेवाळ सोलून निघू लागले. आता तिथे येणाऱ्यांना विनंती केली जाते, की कडेने फिरा, बाहेरून पाहा, आत शिरू नका.

विनंती रास्त आहे. ती डावलून आत जाणाऱ्याची बाजू आम्ही घेणार नाही. अवघड आहे तो पुढचा प्रश्न. इंग्लंडमधल्या बाकीच्या जुन्या रुंदपर्णी रानांनाही हाच नियम लावायचा का? एकीकडे रानांची देखभाल करणाऱ्या संस्था हंगामानुसार वाटा बंद ठेवू लागल्या आहेत. दुसरीकडे ‘राइट टू रोम’ची मोहीम चालवणारे म्हणतात, की रानांत हिंडण्याचा कायदेशीर हक्कच लोकांना मिळाला पाहिजे. दोन्ही बाजूंना रानावर जीव असलेली माणसे आहेत. बिल्डर विरुद्ध झाड असा सरळ सामना असता तर इतका काथ्याकूट करावा लागला नसता.

इ. स. १६०० पासून आजवर ज्या जमिनीवर सलग झाडी राहिली, ते रान इंग्लंडमध्ये प्राचीन मानतात. या सालामागे व्यवहार आहे. साधारण त्या सुमारापासून भरवशाचे नकाशे मिळू लागतात. शिवाय त्याआधी मुद्दाम लागवड करून रान वाढवण्याची रीत फारशी नव्हती, त्यामुळे तेव्हा जिथे रान होते तिथे ते बहुधा आपसूकच वाढलेले होते. अशी राने आज ब्रिटनच्या भूमीच्या अडीच टक्क्यांच्या आसपास उरली आहेत.

त्यांतली झाडे मात्र जुनी असतीलच असे नाही. हेझल आणि ॲश बुंध्याशी तोडायचे, खुंटाला फुटवे येऊ द्यायचे, दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा तोडायचे, असा क्रम शतकानुशतके चालला. केंब्रिजचे वनस्पतिशास्त्रज्ञ ऑलिव्हर रॅकहॅम (१९३९–२०१५) यांनी मध्ययुगीन दप्तरे आणि प्रत्यक्ष जमीन शेजारी शेजारी ठेवून हा इतिहास उलगडला. केंब्रिजशायरमधल्या हेली वुडचे वर्णन ईलीच्या बिशपच्या मालमत्तेच्या १२५१ सालच्या नोंदवहीत आहे. तेच रान आजही तिथे उभे आहे. जुनी असते ती तिथली माती, जिला नांगर लागलेला नाही. वुड ॲनिमोन हे तिथले पांढरे फूल मुख्यतः जमिनीखालच्या खोडाने सरकत पसरते, आणि शंभर वर्षांत त्याची मजल सुमारे दोन मीटर जाते. रोपवाटिकेतून ओकची हजार रोपे आणता येतील. ही माती कुठल्याही रोपवाटिकेत मिळत नाही.

म्हणून पायाची गोष्ट क्षुल्लक समजता येत नाही. एसेक्समधले हॅटफील्ड फॉरेस्ट १९२४ पासून नॅशनल ट्रस्टकडे आहे. क्षेत्र चारशे हेक्टरांहून जास्त, आणि मध्ययुगातल्या राजांच्या शिकारीच्या रानाची मांडणी त्यात आजही ओळखू येते. शेजारी स्टॅनस्टेडचा विमानतळ, भोवती वाढत चाललेली वस्ती, आणि वर्षाला सुमारे पाच लाख माणसांची वर्दळ. माती चिकण. हिवाळ्यात ती पाण्याने गच्च असते. अशा वेळी पाय पडला, की मातीतल्या बारीक पोकळ्या दबतात, पाणी वरच साचते, आणि मुळांना व बुरशीच्या जाळ्याला हवा मिळेनाशी होते. चिखल चुकवायला पुढचा माणूस वाटेच्या कडेने जातो, मागचा आणखी कडेने, आणि चार हातांची वाट बघता बघता चाळीस हातांची होते. यात कोणी नियम मोडत नाही. सगळे फक्त बूट जपत असतात. ट्रस्ट ओल्या महिन्यांत तिथल्या काही वाटा बंद ठेवतो. रोज कुत्रा घेऊन जाणाऱ्याला ते जाचक वाटत असेल, पण त्या मातीला दुसरा उपाय आम्हाला तरी दिसत नाही.

ब्लूबेलचे दुखणे वेगळे आहे. वर झाडांची पाने फुटून सावली दाटण्याआधी जो थोडा काळ ऊन जमिनीपर्यंत पोचते, त्यात या झाडाला वर्षभराची बेगमी करायची असते. पान चिरडले की कंद उपाशी राहतो. बी रुजल्यापासून फूल यायला पाचेक वर्षे लागतात, म्हणजे एका दुपारचे नुकसान लवकर भरून येत नाही. हर्टफर्डशायरच्या हद्दीवरच्या ॲशरिजमध्ये डॉकी वुडला हंगामात इतकी गर्दी लोटते, की नॅशनल ट्रस्टने शनिवार-रविवारी प्रवेशशुल्क लावले आणि चालायच्या वाटा आखून दिल्या. इंग्लंडमधल्या मराठी घरांतूनही एप्रिलअखेरीस असे निळे फोटो इकडच्या फोनवर येतात. फोटोसाठी लेकराला फुलांत बसवणारा बाप काही दुष्ट नसतो. आधी कोणीतरी तिथे बसून गेल्याची जागा दिसते, म्हणून तोही बसवतो. आखीव वाटेची खरी गरज अशा सज्जनांसाठी आहे.

इथपर्यंतचे वाचून दारे बंद करावीत असे वाटेल. आम्हाला ते पटत नाही, आणि त्याचे पहिले कारण असे, की दारे आधीच बंद आहेत. इंग्लंड आणि वेल्ससाठी २००० साली झालेल्या कायद्याने डोंगर, मूरचे माळ, हीथ, टेकड्यांवरची गवताळ कुरणे आणि नोंदलेल्या सामाईक जमिनी लोकांना हिंडायला खुल्या केल्या. राने त्या यादीत सरसकट आली नाहीत. इंग्लंडची सुमारे ८ टक्के जमीन तेवढी मुक्त संचाराला मिळाली. स्कॉटलंडने २००३ साली बहुतेक सगळ्या भूमीवर, रानांसकट, जबाबदारीने फिरण्याचा हक्क दिला. इंग्लंडमध्ये सार्वजनिक पायवाट रानातून गेली असेल तर त्या एका रेषेवरून चालायचे, नाहीतर ‘खासगी’ अशी पाटी वाचून परतायचे. त्या पाटीपलीकडे बऱ्याच ठिकाणी शिकारीसाठी पाळलेले फेझंट सोडलेले असतात. देशात दरवर्षी सोडल्या जाणाऱ्या या पक्ष्यांची संख्या कोटींत जाते. तेही जमीन उकरतात, तेही रोपे खातात. नाजूक मातीचा कळवळा फक्त माणसाच्या बुटांपाशीच जागा होत असेल, तर तो मातीचा आहे की मालकीचा, हे विचारायला हवे.

दुसरे कारण राजकारणाचे. सरकारी वनजमीन विकायला काढण्याचा बेत ब्रिटिश सरकारने २०१० मध्ये पुढे आणला, तेव्हा विरोधात पाच लाखांवर सह्या झाल्या आणि फेब्रुवारी २०११ मध्ये बेत गुंडाळावा लागला. सह्या करणाऱ्यांत शास्त्रज्ञ किती असतील? बहुतेकांचे रानाशी नाते रविवारच्या फेरफटक्याचे. ज्या रानात कोणी गेलेच नाही, त्याच्यावर रस्ता किंवा रेल्वे आखली गेली तर ओरडणार कोण? दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत कितीतरी जुनी रुंदपर्णी राने तोडून तिथे सूचिपर्णी झाडे लावली गेली, आणि एचएस-टू या वेगवान रेल्वेच्या मार्गातही प्राचीन रानांचे तुकडे गेले. हे काही फिरायला आलेल्यांनी केलेले नाही. ॲशची झाडे वाळवणारी बुरशी २०१२ मध्ये ब्रिटनच्या रानांत आढळली. तिचे बीजाणू वाऱ्यावर पसरतात. मंटजॅक हे आशियातले हरीण वोबर्नच्या उमरावांच्या उद्यानात आणले गेले, तिथून सुटले, आणि आता दक्षिण इंग्लंडच्या रानांत वसंतातली फुले फस्त करते. बुटांच्या चिखलातून काही रोग नक्की पसरतात, त्यासाठी बूट घासून पुसून जावे हे बरे. पण नुकसानीचा सगळा हिशेब मांडला तर फिरस्त्याच्या खात्यावर मधली कुठलीतरी ओळ येते, पहिली नाही.

तिसरे कारण आम्हाला सर्वांत वजनदार वाटते, आणि ते एपिंग फॉरेस्टच्या कहाणीत आहे. लंडनच्या ईशान्येला पसरलेल्या या रानात लाउटन गावच्या लोकांना हिवाळ्यात जळणासाठी झाडांच्या फांद्या तोडण्याचा जुना हक्क होता. जमीनदाराने १८६० च्या दशकात रान कुंपणात घ्यायला सुरुवात केली, तेव्हा टॉमस विलिंगेल नावाचा कष्टकरी त्या हक्कासाठी उभा राहिला. त्याच्या घरच्यांना तुरुंगही पाहावा लागला. पुढे लंडन शहराची कॉर्पोरेशन या लढाईत उतरली आणि १८७८ च्या कायद्याने एपिंग लोकांच्या विरंगुळ्यासाठी कायमचे मोकळे राहिले. इतके सगळे चांगलेच झाले. पण त्याच तडजोडीत फांद्या तोडण्याचा हक्क संपला. भरपाईच्या पैशांतून गावात लॉपिंग हॉल बांधला गेला, तो आजही उभा आहे.

मग रानाचे काय झाले? कोकणात राबासाठी ऐन-किंजळ खांडतात तशी एपिंगमधली बीच आणि हॉर्नबीमची झाडे डोक्याहून उंचावर खांडली जात. त्यामुळे ती बुटकी राहत, शेकडो वर्षे जगत, आणि खाली ऊन पोचत असे. खांडणी थांबली, फांद्या वाढून जाड आणि जड झाल्या, सावली इतकी दाट झाली की खालची झुडपे आणि फुले मागे हटली. जुने बुंधे वरच्या भाराने फाटू लागले. आज कॉर्पोरेशनची माणसे त्यांतल्या काही झाडांची पुन्हा बेताने छाटणी करतात. विलिंगेलच्या शेजाऱ्यांनी जे स्वतःच्या चुलीसाठी फुकट केले असते, ते आता पगारी कामगारांकडून करून घ्यावे लागते. सफकमधल्या ब्रॅडफील्ड वुड्समध्ये याउलट दिसते. तिथे १२५२ पासून फुटवे तोडण्याचा क्रम चालू आहे, आणि वनस्पतींच्या विविधतेसाठी ते रान नावाजलेले आहे. एका वर्षी तोडलेल्या तुकड्यात ऊन पडते, फुले आणि फुलपाखरे येतात. काही वर्षांनी तो दाटतो, तेव्हा शेजारचा तुकडा तोडणीला आलेला असतो.

मनुष्यस्पर्श नसलेले रान ही कल्पना इंग्लंडमध्ये जवळजवळ कुठेच लागू पडत नाही. विस्टमन्स वुड त्या कल्पनेच्या जरा जवळ जाते, म्हणून तिथली विनंती योग्य. बाकी राने माणसाच्या कोयत्याखाली घडली आहेत. माणूस पूर्वीही तिथे रोज होता. तेव्हा तो कामाला यायचा, थोड्यांच्या संख्येने यायचा आणि आपल्या वाट्याच्या तुकड्यात राबायचा. आज तो पाहायला येतो, हजारोंनी येतो आणि एकाच पंधरवड्यात येतो. बदल इतकाच आहे, आणि तो लहान नाही.

आमचा कौल हक्काच्या बाजूने आहे, पण बिनशर्त नाही. प्राचीन राने २००० च्या कायद्याच्या कक्षेत यावीत. वाट सोडून कुठेही भटकण्याचा हक्क मात्र चिकणमातीच्या आणि ब्लूबेलच्या रानांत देऊ नये. तिथे हक्क वाटेचा असावा, आणि वाटा भरपूर असाव्यात. पावसाळी महिन्यांत किंवा फुलांच्या हंगामात त्या बंद करण्याचा अधिकार रान रोज पाहणाऱ्याकडे हवा, पण त्याने कारण पाटीवर लिहावे आणि उघडण्याची तारीखही. तारीख नसलेली बंदी कायमची होत जाते, हा सगळीकडचा अनुभव आहे. कुत्री साखळीवर असावीत, निदान जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांच्या विणीच्या महिन्यांत. विस्टमन्ससारख्या दोन-चार हेक्टरांच्या तुकड्यांसाठी विनंती पुरेशी ठरली नाही तर नियम करावा. त्यात आम्हाला संकोच वाटत नाही.

याच्यावर दोन आक्षेप येतील. प्रवेशशुल्क लावले की गरिबाला रान महाग होते, हा पहिला. तो खरा आहे. म्हणून शुल्क गर्दीच्या मोजक्या दिवसांपुरतेच असावे, आणि जवळच्या वस्तीला त्यातून सूट असावी. दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. हक्क दिला की गर्दी वाढणार, आणि देखभालीला पैसा कोण देणार? खासगी मालक हा प्रश्न विचारतात तेव्हा तो टाळण्यासाठी विचारतात असे धरून चालणे बरोबर नाही. फुटव्यांची तोडणी आज क्वचितच परवडते. हेझलच्या काठ्यांना पूर्वीसारखे गिऱ्हाईक नाही. शेतीसाठीच्या सरकारी अनुदानातून अशा तोडणीला, हरणांच्या कुंपणाला आणि वाटांच्या डागडुजीला ठरलेला वाटा मिळाला, तर मालकाला रान उघडण्यात तोटा राहणार नाही. तो मिळणार नसेल तर नुसता हक्क कागदावर देऊन सरकारने हात झटकू नयेत.

आणि एक बाब कायद्याच्या चर्चेत फारशी येत नाही, ती म्हणजे वाहनतळ. लोक रानात किती खोल जातात हे पाटीपेक्षा गाडी कुठे थांबते यावर जास्त ठरते. बहुतेकांना मैलभर चालायचे असते, परत यायचे असते आणि चहा प्यायचा असतो. गाडी जुन्या रानाच्या तोंडाशी थांबवली तर गर्दी तिथेच सांडते. अलीकडच्या तरुण लागवडीपाशी थांबवली, तर तीच गर्दी त्या लागवडीत रमते आणि जुन्या मातीपर्यंत ज्याला खरोखर जायचे आहे तोच पोचतो. लंडनच्या आसपासच्या स्थानिक कौन्सिलांनी नव्या घरांना परवानगी देताना शेजारी नवे, फिरायला मोकळे रान लावण्याची अट घातली, तर तीस वर्षांनी हॅटफील्डवरचा भार हलका होईल. ती रोपे मात्र आताच लावायला हवीत.